एक देणे, एक इच्छा

परवाच्या रविवारची गोष्ट. सकाळचा दुसरा चहा आणि वर्तमानपत्र घेऊन मी खिडकीशी बसलो होतो, तेवढ्यात नात वही घेऊन आली. ती आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. एरवी तिच्या अभ्यासात मला कोणी विचारत नाही. गणिताच्या रीती बदलल्या, भूगोलातले देश बदलले आणि संगणकाच्या तासाला काय शिकवतात ते मला कळत नाही. पण इंग्रजी व्याकरण म्हटले की घरात अजून माझे नाव निघते. त्या दिवशीचा गृहपाठ सोपा होता. दहा वाक्ये, प्रत्येकात एक रिकामी जागा, आणि तिथे 'शॅल' किंवा 'विल' यांपैकी योग्य शब्द भरायचा.

तिने दहाही जागी 'विल' भरले होते.

"अगं, 'आय' आणि 'वुई'च्या पुढे 'शॅल' येतं," मी म्हणालो.

"आजोबा, आमच्या मिस म्हणाल्या, 'शॅल' आता कोणी वापरत नाही. सगळीकडे 'विल' लिहिलं तरी चालतं."

"मग रिकाम्या जागा दिल्या कशाला?"

"परीक्षेत येतात म्हणून."

यावर मला काही सुचले नाही. मी चष्मा पुसत बसलो आणि ती वही मिटून खेळायला गेली. पण तो 'शॅल' काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण गेल्या वर्षी याच शब्दाने आमच्या चोवीस कुटुंबांची झोप उडवली होती. ती हकीकत पुढे येईलच. आधी या दोन शब्दांची थोडी ओळख करून घेऊ.

आमचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आले ते २००० साली. आमच्या पिढीला ते भाग्य, किंवा तो जाच, नव्हता. घरात तर्खडकरांची भाषांतरमाला होती. वडिलांनी वापरलेली, मग काकांनी, मग मोठ्या भावाने आणि शेवटी मी. शाळेत सरांनी फळ्यावर उभी रेघ मारून दोन रकाने पाडले आणि नियम सांगितला. साध्या भविष्यकाळात 'मी' आणि 'आम्ही' यांना 'शॅल'. बाकी सगळ्यांना, म्हणजे तू, तुम्ही, तो, ती, ते यांना 'विल'. 'आय शॅल गो' म्हणजे मी जाईन. 'ही विल गो' म्हणजे तो जाईल. इथपर्यंत सारे सरळ होते.

मग सरांनी दोन्ही रकान्यांच्या डोक्यावरचे शब्द पुसले आणि उलटे लिहिले. 'आय विल गो' म्हणजे मी जाणारच, माझा तसा निश्चय आहे. 'ही शॅल गो' म्हणजे त्याला जावेच लागेल, हे मी बजावून सांगतो. एकच शब्द 'मी'पाशी आला की गरीब आणि 'तो'पाशी गेला की दांडगा! वर्गात कोणाच्याच काही लक्षात आले नाही. तेव्हा सरांनी बुडणाऱ्या माणसाची जुनी गोष्ट सांगितली. इंग्रजी नीट न येणारा एक परदेशी माणूस नदीत पडतो. 'मी बुडणार, मला कोणी वाचवणार नाही' असे त्याला ओरडायचे असते. पण घाईत तो 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडतो. त्याचा अर्थ होतो, 'बुडायचे हा माझा निश्चय आहे, आणि खबरदार कोणी मला वाचवाल तर!' काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. आम्ही पोट धरून हसलो. नियम मात्र त्या गोष्टीमुळे जन्माचा लक्षात राहिला.

पुढे नोकरीत असताना फावल्या वेळात मी या नियमाच्या मागे लागलो आणि गंमत कळली. हा नियम पहिल्यांदा व्यवस्थित मांडला तो जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज विद्वानाने, १६५३ साली. हा मूळचा गणिती. अनंताची खूण म्हणून आडवा आठ काढतात, ती यानेच १६५५ मध्ये रूढ केली. त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिनमध्ये, आणि गणिताच्या शिस्तीने 'शॅल' आणि 'विल' यांच्या वाटण्या करून टाकल्या. पुढे अडीचशे वर्षे शाळामास्तर त्या वाटण्या घोकून घेत राहिले. १९०६ साली फाउलर बंधूंनी इंग्रजीच्या शुद्ध वापरावर जे पुस्तक लिहिले, त्यात या दोन शब्दांवर पानेच्या पाने खर्च केली आणि वर सांगून टाकले की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येते, इतरांना शिकून येणे कठीण. म्हणजे स्कॉटलंडच्या माणसालाही ते अवघड, मग आमच्या डोंबिवलीची काय कथा!

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनीही तो नियम कधी पुरता पाळला नाही. ४ जून १९४० रोजी, डंकर्कहून सैन्य माघारी आल्यावर, चर्चिल यांनी पार्लमेंटात जे भाषण केले त्यात 'आम्ही लढू' हे पुन्हा पुन्हा सांगताना 'वुई शॅल' हेच शब्द होते. आमच्या सरांच्या रकान्याप्रमाणे तो नुसता साधा भविष्यकाळ ठरतो. मार्च १९४२ मध्ये फिलिपीन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या जनरल मॅकआर्थर यांनी 'मी परत येईन' असे सांगितले तेही 'आय शॅल' म्हणूनच. ऑक्टोबर १९४४ मध्ये ते खरोखर परत आले. या दोघांच्या शब्दांत निश्चय नव्हता असे कोण म्हणेल? तेव्हा रकाने खोटे होते असे नाही, पण शब्दांचे खरे बळ त्या रकान्यांत मावत नव्हते.

ते बळ या शब्दांच्या मुळात आहे. 'शॅल' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता 'देणे लागणे'. एखाद्याचे पैसे देणे असतील तर तिथे हा शब्द येई. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातही त्या अर्थाची खूण सापडते. जर्मन भाषेत याच कुळातला 'शुल्ड' हा शब्द आहे आणि त्याचे कर्ज व अपराध असे दोन्ही अर्थ होतात. 'विल'चे मूळ मात्र वेगळे. त्याचा अर्थ इच्छा. म्हणून तर मृत्युपत्रालाही इंग्रजीत 'विल' म्हणतात, आणि आपणही त्याला इच्छापत्र म्हणतो. म्हणजे भविष्याबद्दल बोलताना इंग्रजांनी दोन शब्द घेतले. एक कर्जाच्या वहीतून, एक मनातून. पुढे दोन्ही शब्द झिजले आणि नुसते काळाचे प्रत्यय होऊन बसले. बोलताना तर दोघांचा मिळून नुसता एक 'ल' उरला. 'आय'ल' म्हटले की त्यात शॅल आहे की विल, हे देवालाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे काय आहे? आपली शाळेतली समजूत अशी की मराठीत एकच भविष्यकाळ : मी करीन, तू करशील, तो करील. पण जरा कान देऊन ऐकले तर आपल्याही भाषेत हा भेद आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. मुलगा फोनवर 'गणपतीला येईन' म्हणाला की आई डाळ भिजवत नाही. 'येणार आहे' म्हणाला की भिजवते. 'शॅल आय मेक टी?' याचे मराठी 'मी चहा करीन का?' असे कोणी करत नाही. त्याला आपल्याकडे वेगळे रूपच आहे : 'चहा करू का?' 'शॅल वुई गो?' म्हणजे 'जाऊ या का?' आणि 'विल यू गो?' म्हणजे 'जाशील का?' विचारणाऱ्याला आपल्यावर काही घ्यायचे आहे की दुसऱ्याची मर्जी विचारायची आहे, हे मराठी क्रियापद चोख सांगते.

सगळ्यात नवल वाटते ते 'लागणे' या क्रियापदाचे. 'मी त्याचे पाचशे रुपये लागतो' असे आपण म्हणतो, आणि 'मला जावे लागते' असेही म्हणतो. कर्ज आणि कर्तव्य, दोन्हींना एकच क्रियापद. इंग्रजांचा 'शॅल' ज्या वाटेने गेला, त्याच वाटेवर आपले 'लागणे' उभे आहे. फरक एवढाच की इंग्रज आपली वाट विसरले आणि आपली वाट अजून पायाखालची आहे. हे मला कोणा पंडिताने शिकवले नाही. ते शिकवले आमच्या सोसायटीतल्या काकूंनी. आता ती हकीकत.

आमची इमारत १९८१ सालची. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. स्लॅब गळू लागले, खांबांच्या सळ्या दिसू लागल्या, तेव्हा इतरांप्रमाणे आम्हीही पुनर्विकासाचा घाट घातला. निविदा, सभा, भांडणे, पुन्हा सभा असे सगळे यथासांग झाल्यावर एका बिल्डरची निवड झाली आणि करारनाम्याचा मसुदा हातात आला. जाडजूड बाड, सगळे इंग्रजीत. सेक्रेटरी माझ्याकडे घेऊन आला. "काका, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. एकदा नजर घाला. वकिलांना दाखवणारच आहोत, पण आपल्यातल्या कोणीतरी वाचलेलं बरं."

मी सरकारी खात्यात आयुष्यभर टिपणे लिहिली. 'मे काइंडली बी अप्रूव्हड' हे शब्द झोपेतही उमटतील इतके लिहिले. त्यामुळे अशा कागदाचा मला कंटाळा नाही. लाल पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या दहा पानांत काही खटकले नाही. मग लक्षात आले की आपण एकाच शब्दाखाली सारख्या रेघा मारतो आहोत. सभासदांनी तीस दिवसांत घर रिकामे करणे : 'शॅल'. सभासदांनी चाव्या सुपूर्द करणे : 'शॅल'. सभासदांनी कामात अडथळा न आणणे, कागदपत्रांवर सह्या करणे, जादा क्षेत्राचे पैसे मुदतीत भरणे : शॅल, शॅल, शॅल. आणि बिल्डरकडे वळलो की भाषा एकदम मवाळ. दरमहाचे भाडे वेळेवर देण्याचा तो 'विल एंडेव्हर', म्हणजे प्रयत्न करील. छत्तीस महिन्यांत ताबा देण्याचा तो 'विल एंडेव्हर'. उशीर झाल्यास वाढीव भाडे तो 'मे कन्सिडर', म्हणजे विचारात घेऊ शकेल. आमच्या बाजूला सगळी देणी आणि त्याच्या बाजूला सगळ्या इच्छा!

सर्वसाधारण सभेत मी हे मांडले. बिल्डरतर्फे आलेला तरुण मुलगा नम्र होता. म्हणाला, "काका, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळीकडे हाच असतो. दोन्हीचा अर्थ एकच होतो."

"अर्थ एकच असेल तर अदलाबदल करू," मी म्हणालो. "तुम्हाला 'शॅल' घ्या, आम्हाला 'विल एंडेव्हर' द्या. आम्ही घरं रिकामी करण्याचा मनापासून प्रयत्न करू."

सभेत हशा पिकला. तो मुलगाही हसला, पण त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. इंग्रजी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण जन्मभर भिशी आणि वाण्याची उधारी दोन्ही चोख सांभाळली. त्या सेक्रेटरीला म्हणाल्या, "अरे, ते इंग्रजी राहू दे बाजूला. मला एवढंच सांग, तो भाडं देणं लागतो, की देईन म्हणतोय?"

सभा गप्प झाली. इतक्या वर्षांच्या वाचनातून मला जे नीट मांडता आले नसते, ते काकूंनी एका वाक्यात मांडले होते. शब्दांचे मूळ त्यांनी कुठे वाचले नव्हते. त्यांनी फक्त आपला प्रश्न आपल्या भाषेत विचारला होता.

आमच्या वकीलबाईंनी मात्र माझा थोडा गर्व उतरवला. त्या म्हणाल्या, "काका, तुमचा संशय बरोबर आहे, पण कारण अर्धंच बरोबर आहे. करारात 'विल' असलं म्हणून तो सुटत नाही. कोर्ट अख्खा करार वाचतं, हेतू बघतं. तुम्हाला खरा धोका आहे तो 'एंडेव्हर'चा. पुढे 'शॅल' लावलात तरी 'एंडेव्हर' राहिला तर देणं फक्त प्रयत्नाचं उरतं, पैशाचं नाही." मला हे पटले. मी शाळेतल्या रकान्यांवर विसंबून एकाच शब्दावर डोळा ठेवला होता, आणि खरा चोर त्याच्या शेजारी बसला होता.

त्यानंतर मी आपल्या राज्यघटनेची प्रत पुन्हा काढली, आणि जे वाचले त्याने थक्क झालो. आमच्या करारातला हाच शब्द तिथेही होता, आणि त्यामागे लाखो मुलांची शाळा होती. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, हे १९५० च्या घटनेतल्या ४५ व्या अनुच्छेदात होते, आणि त्याला दहा वर्षांची मुदतही होती. पण शब्द होते 'शॅल एंडेव्हर टु प्रोव्हाइड', म्हणजे राज्य ते देण्याचा प्रयत्न करील. मूळ मसुद्यात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क असल्याचे शब्दही होते; नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत घटना समितीने ते गाळले आणि प्रयत्न तेवढा ठेवला. १९६० साल आले आणि गेले. मुदत संपली, पण कोणाला जाब विचारता येईना, कारण देणे प्रयत्नाचे होते. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. मग २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने '२१ क' हा नवा अनुच्छेद घातला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शब्द आला तो नुसता 'शॅल प्रोव्हाइड'. 'एंडेव्हर' गेला! पाठोपाठ २००९ चा शिक्षणहक्क कायदा झाला आणि दोन्ही १ एप्रिल २०१० पासून अमलात आले. एक शब्द खोडायला साठ वर्षे लागली. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तो शब्द आजही ४५ व्या अनुच्छेदात बसून आहे.

शब्दांची अशीच ओढाताण ७४ व्या अनुच्छेदात दिसते. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच राष्ट्रपतींनी वागले पाहिजे, हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने 'शॅल' घालून पक्के केले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यात एक 'मे' घातला : राष्ट्रपती तो सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पण फेरविचार होऊन आलेला सल्ला मानायचा, तिथे पुन्हा 'शॅल'. देशाच्या सर्वोच्च पदाची मोकळीक किती आणि बांधिलकी किती, हे दोन छोट्या सहायक क्रियापदांनी आखून दिले आहे.

'शॅल' म्हणजे ब्रह्मवाक्य असेही नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनेतलाच एक 'शॅल' बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचे ठरवले. तो लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दलचा होता. संदर्भ पाहून 'मे'चा अर्थ सक्तीचा लावल्याचीही उदाहरणे आहेत. या गोंधळाला कंटाळून काही देशांनी 'शॅल'लाच रजा दिली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत त्याच्या जागी सरळ 'मस्ट' वापरला आहे. अमेरिकेत संघराज्याच्या दिवाणी कामकाजाचे नियम २००७ मध्ये नव्याने लिहिले तेव्हा त्यातूनही 'शॅल' काढून टाकला. तेव्हा नातीच्या मिस म्हणतात त्यात तथ्य आहे. बोलण्यातून तो शब्द गेलाच आहे, कायद्यातूनही काही ठिकाणी निघाला आहे. पण आपल्या देशातल्या कागदांवर तो अजून जागोजाग उभा आहे, आणि जोवर तो उभा आहे तोवर त्याची ओळख नसणे परवडणारे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपण मुलांना इंग्रजी शिकवतो ते कशासाठी? मुलाखतीत अडखळू नये, परदेशी गेल्यावर चारचौघांत मिसळता यावे म्हणून. त्यात काही गैर नाही. पण आपल्याकडे इंग्रजी ही आणखी एका कामाची भाषा आहे. ज्यावर आपण सही करतो त्या कागदाची. विम्याचा कागद, कर्जाचा कागद, नोकरीचे नियुक्तिपत्र, घराचा करार. फडाफडा इंग्रजी बोलणारी आपली मुले हे कागद न वाचता शेवटच्या पानावर सही करतात. बँकेच्या ॲपवर 'मान्य आहे' या चौकोनात बोट टेकवून मोकळी होतात. व्याकरणाच्या पुस्तकातल्या रिकाम्या जागा त्यांनी भरलेल्या असतात. आयुष्यातल्या रिकाम्या जागा समोरचा भरून देतो.

शाळेने हा धडा वेगळा शिकवावा असे मला वाटते. दहा तुटक वाक्ये देण्यापेक्षा भाडेकराराचे एक पान द्यावे. कोण काय देणे लागतो आणि कोण नुसती इच्छा दाखवतो, याचे दोन रकाने मुलांना करायला सांगावेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा द्यावा. त्यात माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर देण्याला 'शॅल' आहे. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, त्यालाही 'शॅल'च आहे. या कायद्याचा लोकांना आधार वाटतो त्याचे एक कारण हे आहे की त्यात कुठे 'होऊन जाईल' नाही. 'होऊन जाईल' हे आपल्या कचेऱ्यांतले लाडके वाक्य. त्यात काम आहे, भविष्यकाळ आहे, पण करणारा कोणीच नाही!

दुसरे, अशा करारांचा मराठी मसुदा मागावा. मराठी कायद्याच्या भाषेत हा भेद चांगला रुळलेला आहे. 'शॅल' असेल तिथे 'देईल', 'करील'. 'मे' असेल तिथे 'देता येईल', 'करता येईल'. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोशासारखी साधने तयार केली आहेत. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. भाषा तयार आहे, मागणारे हवेत. आम्ही आमच्या करारासोबत मराठी मसुदा जोडून घेतला, आणि त्यात भाड्याच्या कलमात काकूंचे शब्द आग्रहाने घातले : 'विकासक देणे लागतो.' वकीलबाई हसल्या, पण त्यांनी ते काढले नाहीत.

शेवटी तीनपैकी दोन कलमे बदलून मिळाली. भाडे दरमहा दहा तारखेच्या आत, आणि ताब्याची मुदत, दोन्हींतला 'एंडेव्हर' गेला. वाढीव भाड्याचे तिसरे कलम त्यांनी मान्य केले नाही. सभेने मतदान करून ते सोडून दिले. आता आम्ही सगळे भाड्याच्या घरांत विखुरलो आहोत. भाडे येते. एकदा चार दिवस उशीर झाला तेव्हा सेक्रेटरीने फोनवर त्यांना कलमाचा आकडा सांगितला, दुसऱ्या दिवशी पैसे जमा झाले. इमारत उभी राहीपर्यंत पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. कागदावरच्या 'शॅल'मागे देणाऱ्याची दानत लागते, आणि ती कोणत्याही व्याकरणात शिकवत नाहीत. पण दानत नसेल तेव्हा निदान बोट ठेवायला शब्द तरी हवा.

संध्याकाळी नात परत आली तेव्हा मी तिला हे सगळे थोडक्यात सांगितले. बुडणाऱ्या माणसाची गोष्ट तिला आवडली. "बोलताना 'विल' म्हण, मिस बरोबर सांगतात," मी म्हणालो. "परीक्षेत पुस्तकातला नियम लिही. पण सही करशील तेव्हा 'शॅल' कुणाच्या नावापुढे आहे ते आधी बघ."

तिने मान डोलावली आणि जाता जाता विचारले, "आजोबा, शनिवारी माझी वक्तृत्व स्पर्धा आहे. तुम्ही येणार ना?"

"येईन की," मी म्हणालो.

ती दारात थांबली. "येईन नको. येणार म्हणा."

मी 'येणार' म्हणालो. आता शनिवारचे ते देणे माझ्याकडे लागते.